प्रॉडक्ट मार्केटिंगच्या हेडची खुर्ची आणि गंगापूर रोडवरचे बारा शनिवार

प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये चार-पाच वर्षं काढलेल्या आणि आता टीम हातात घ्यायची आहे अशा लोकांसाठी नाशिकच्या गंगापूर रोडवर एक वर्ग चालतो. दर शनिवारी दुपारी २ ते ६, असे १२ शनिवार, एका बॅचमध्ये १८ जण. फी ४८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातातून जाणार ५६,६४०. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या एमआयडीसीत काम करणारे, शेतीच्या औषध-अवजारांच्या कंपन्यांतले आणि घरून पुण्या-बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचं काम करणारे असे तिन्ही प्रकारचे लोक इथे येतात. आधीच सांगतो, बारापैकी सात शनिवार फीच्या मोलाचे आहेत, तीन ठीक आहेत आणि दोन सरळ वाया जातात. मात्र ते सात चांगले शनिवार नाशिकमध्ये दुसरीकडे मिळत नाहीत.

कामाच्या नावाचाच आपल्याकडे गोंधळ आहे, त्यामुळे सुरुवात तिथून. औषध कंपन्यांत ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ म्हणजे पीएमटीतला (प्रॉडक्ट मॅनेजमेंट टीममधला) माणूस. डॉक्टरांसाठीचं साहित्य, एमआरचं (डॉक्टरांकडे जाणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधींचं) ट्रेनिंग, ब्रँडचं वर्षाचं नियोजन हे त्याचं काम, म्हणजे मुळात मार्केटिंगच. स्विचगिअर किंवा पॅनल, म्हणजे विजेची नियंत्रण उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत तोच हुद्दा असलेला माणूस कॅटलॉग, प्राइस लिस्ट, डीलर ट्रेनिंग आणि टेंडरच्या तांत्रिक शंका सांभाळतो. सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर काय बनवायचं ते ठरवतो. ते कुणाला, कोणत्या शब्दांत आणि किती किमतीला विकायचं हे प्रॉडक्ट मार्केटिंगवाला बघतो. पहिल्याच शनिवारी प्रत्येकाकडून गेल्या १२ महिन्यांतलं काम चार रकान्यांत लिहून घेतात: ग्राहक समजून घेणं, मांडणी (उत्पादन कोणासाठी आणि का, हे शब्दांत बसवणं), बाजारात उतरवणं, विक्रीला मदत. अंबडच्या प्लांटमधल्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा उमगतं की हुद्द्यात ‘मार्केटिंग’ हा शब्द नसला तरी आपण सहा वर्षं हेच करत आलो आहोत. पुढे सीव्ही लिहिताना हा कागद फार उपयोगी पडतो. मुंबई-पुण्यात सीव्ही चाळणारा हुद्दा वाचतो आणि पुढे जातो. हुद्द्याखालच्या पहिल्या ओळीत काम नीट आलं नसेल तर सहा वर्षं पाण्यात.

या वर्गाचा कणा म्हणजे एकपानी टिपण. दुसऱ्या शनिवारपासून दहाव्यापर्यंत ते चालतं आणि फीतला मोठा वाटा याच्यासाठीच द्यावा. नियम सोपे आहेत. एका पानावर, ४०० शब्दांच्या आत, मराठीत किंवा इंग्रजीत, पाच गोष्टी लिहायच्या: कोणता निर्णय हवा आहे, तो आत्ताच का, त्यासाठी काय सोडून देतो आहोत, कोणाकडून काय लागेल, आणि फसलं तर कोणत्या तारखेला थांबवणार. मग तिघं समोर बसतात. एक विक्रीचा प्रमुख होतो, एक प्लांटचा, एक अकाउंट्सचा. प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. बहुतेकांचं टिपण निदान तीनदा परत येतं.

का परत येतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. एका टिपणाची पहिली ओळ अशी होती: ‘ब्रँडबाबत जागरूकता वाढवण्यासाठी डीलर मेळावे घेण्यास मंजुरी मिळावी.’ अकाउंट्सच्या भूमिकेतल्या माणसाने विचारलं, ‘किती, कुठे आणि कशाच्या बदल्यात?’ चौथ्या फेरीत तीच ओळ अशी झाली: ‘जून ते ऑगस्ट दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत १२ डीलर मेळाव्यांसाठी ३ लाख ६० हजार हवेत, त्यासाठी यंदा मुंबईच्या प्रदर्शनातला स्टॉल सोडतो, ३१ जुलैपर्यंत २० डीलरांचं बुकिंग आलं नाही तर उरलेले मेळावे रद्द.’ या दुसऱ्या वाक्याला हो किंवा नाही म्हणता येतं. पहिल्या वाक्यावर फक्त ‘बघू’ एवढंच म्हणता येतं. एक्झिक्युटिव्ह आणि हेड यांच्यातलं अंतर याच दोन वाक्यांत आहे. हेडचे बरेचसे निर्णय त्याच्या अखत्यारीत नसतात. पैसे अकाउंट्सकडे, माल प्लांटकडे, ग्राहक विक्रीकडे. त्याच्या हातात असतो तो फक्त हा कागद. ‘काय सोडतो’ ही ओळ गाळलेली टिपणं सगळ्यात जास्त आपटतात. जो काहीच सोडत नाही, त्याने हिशेब केलेला नाही हे समोरच्याला लगेच कळतं.

या पेशाचा उगमही अशाच एका कागदात सापडतो आणि वर्गात तो नीट सांगितला जातो. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाचं काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉयने १३ मे १९३१ रोजी तीन पानी टिपण लिहिलं. प्रत्येक ब्रँडमागे स्वतंत्र माणसं हवीत, त्यांनी विक्रीचे आकडे भागवार तपासावेत, कुठे काय चुकतंय ते शोधावं आणि योजना आखावी, असं त्यात होतं. ब्रँड मॅनेजमेंटची मुळं तिथे सांगितली जातात. तो माणूस पुढे त्या कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री. कागदाचा हेतू मात्र साधा होता: माणसं वाढवून मागणं. वर्गात हे ऐकल्यावर टीम वाढवून मागणारं टिपण लिहायला लोकांचा हात अडत नाही.

तिसरा, चौथा आणि पाचवा शनिवार एकाच सरावाच्या उत्पादनावर जातात: द्राक्षबागेत बसवायचा ओलाव्याचा सेन्सर. पान किती वेळ ओलं राहिलं, हवेत दमटपणा किती, मुळांपाशी ओल किती, हे मोबाइलवर दाखवणारा. नाशिकमध्ये यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणं कठीण. सगळे पहिल्यांदा त्याची मांडणी ‘आधुनिक तंत्रज्ञान’ अशीच करतात. द्राक्षवाल्याला तंत्रज्ञान विकत घ्यायचं नसतं. त्याला डाऊनीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाची, एक फवारणी वाचवायची असते, किंवा रात्री पाऊस झाल्यावर सकाळी ट्रॅक्टर बाहेर काढायचा की नाही ते ठरवायचं असतं. म्हणून मांडणीचं वाक्य असं घडवून घेतात: कोणासाठी, त्याची कोणती अडचण, आज तो ती कशी भागवतो, त्यापेक्षा आपलं काय बरं, आणि याला पुरावा काय. ‘आज तो कशी भागवतो’ या खणात जवळपास सगळेच प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव टाकतात. खरा प्रतिस्पर्धी असतो शेजारचा बागाईतदार आणि कृषी सेवा केंद्रवाल्याचा फोन. तो सल्ला फुकट मिळतो आणि वर औषधाची उधारीही चालते. हा खण चुकला की पुढची सगळी मांडणी चुकते, आणि शिकवणारे त्यावर पुरेसा वेळ थांबतात हे विशेष.

याच उदाहरणावर लॉन्चचं वेळापत्रक बसवून घेतात आणि इथे नाशिकच्या माणसाचा फायदा दिसतो. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची), सटाणा-देवळ्याकडची अर्ली छाटणी त्याच्याही आधी. डाऊनीचा खरा धोका गोडी छाटणीनंतरच्या पहिल्या पन्नास-साठ दिवसांत. म्हणजे सेन्सर छाटणीआधी बागेत बसलेला हवा. आता उलटे मोजा. बसवायला आणि नेटवर्क तपासायला तीन आठवडे, म्हणजे ऑगस्ट. त्याआधी डीलरचं ट्रेनिंग, म्हणजे जून-जुलै. डीलरला दाखवायला पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे आधीच्या हंगामात लावलेल्या पाच-सहा बागांचे आकडे. त्यांची बोलणी त्याही आधीच्या उन्हाळ्यात. असं मोजत गेलं की ‘या दिवाळीला लॉन्च करू’ हे वाक्य चौदा-पंधरा महिने उशिरा आलेलं असतं. हे प्लांटच्या प्रमुखाला वर्षभर आधी तारखांसकट सांगणं, हे हेडचं काम. लॉन्च फसलं की दोष जाहिरातीवर येतो, पण फसलेल्या लॉन्चचं मूळ बहुधा या उलट्या मोजणीत असतं.

लॉन्चची प्रतवारीही इथे चांगली शिकवतात. पहिल्या दर्जाचं लॉन्च वर्षात एक, फार तर दोन: त्याला पूर्ण टीम, डीलर मेळावे, प्रात्यक्षिकं. दुसऱ्या दर्जाला विक्रीचं ट्रेनिंग आणि नवं पत्रक. तिसऱ्या दर्जाला सुधारित प्राइस लिस्ट आणि डीलरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश, बस्स. प्रत्येक नव्या मॉडेलला पहिला दर्जा दिला की विक्रीची माणसं एकाकडेही लक्ष देत नाहीत. दर्जा कोणी ठरवायचा, हे आधी लिहून ठेवलं नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचं मॉडेल पहिल्या दर्जात बसतं.

सहावा शनिवार मुलाखतींचा: ऑर्डर का मिळाली आणि का गेली हे ग्राहकाला विचारणं. निर्णय होऊन महिना-दीड महिना उलटायच्या आत, विक्री करणाऱ्या माणसाला न पाठवता, निदान दहा ग्राहकांशी बोलायचं, निम्मे मिळालेले आणि निम्मे गेलेले. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करून विचारलं तर इथे काही हाती लागत नाही, हे शिकवणाऱ्यांनी ओळखलंय ही मोठी गोष्ट. ‘भाव जास्त वाटला का?’ म्हटलं की समोरचा ‘हो’ म्हणून मोकळा होतो, कारण ते उत्तर सोपं आहे आणि कुणाला दुखवत नाही. त्याऐवजी ‘कोटेशन हातात आल्यावर ते पुढे कुणाकडे गेलं?’ असं विचारायला लावतात. मग कळतं की कोटेशन मेंटेनन्सच्या साहेबांकडे गेलं, त्यांना सुटे भाग नाशिकमध्ये मिळतील की मुंबईहून मागवावे लागतील हे त्यावर कुठेच दिसलं नाही, आणि कागद तिथेच पडून राहिला. कारण भाव नव्हता, सुटे भाग होते. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘घरी विचारतो’ यांचा अर्थ कोणत्या क्षणी ‘नाही’ होतो, यावर वर्गात अर्धा तास चर्चा होते. ती दीड तास चालायला हवी.

मुलाखतींतून निघालेलं विक्रीच्या माणसापर्यंत जावं म्हणून ए-फोरच्या एका बाजूवर मावणारं कार्ड करून घेतात. त्यात ‘आपण कुठे हरतो’ हा रकाना सक्तीचा आहे. तो नसेल तर विक्रीची माणसं कार्डाला जाहिरात समजतात आणि बॅगेतून बाहेरही काढत नाहीत.

किमतीचा शनिवार मध्यम आहे. डच अर्थतज्ज्ञ पीटर व्हॅन वेस्टनडॉर्प यांनी १९७६ मध्ये मांडलेली चार प्रश्नांची पद्धत शिकवतात: कोणत्या किमतीला ही वस्तू इतकी स्वस्त वाटेल की दर्जाचीच शंका येईल, कोणत्या किमतीला स्वस्तात मिळाली असं वाटेल, कुठे महाग वाटूनही विचार कराल, आणि कुठे विचारच करणार नाही. उत्तरांचे चार आलेख काढायचे आणि ते एकमेकांना छेदतात त्या बिंदूंमधला पट्टा पाहायचा. आलेख काढणं नीट शिकवतात. दोन सावधगिऱ्या मात्र घाईत उरकतात. एक, ही पद्धत स्वीकारार्ह किमतीचा पट्टा दाखवते. त्या किमतीला किती माल खपेल ते सांगत नाही. दोन, वस्तू कधी पाहिलीच नसेल तर माणूस जवळच्या ओळखीच्या वस्तूची किंमत मनात धरून उत्तर देतो. सेन्सरच्या सरावात काहींनी हे प्रश्न डीलरांना विचारले. आलेला पट्टा शेतकऱ्याच्या खिशाचा नव्हता, डीलरच्या मार्जिनचा होता. ही चूक वर्गात कुणी पकडली नाही, आणि टीम सांभाळणाऱ्याला ती महागात पडते.

सर्वांत उत्तम शनिवार नववा, बजेटचा. कागदावर वर्षाचे ६० लाख दिलेले असतात: पगार ३२, प्रदर्शनं १०, डीलर साहित्य आणि प्रात्यक्षिकं ९, ग्राहक संशोधन ३, राखीव ६. ऑक्टोबर येतो आणि अकाउंट्सचा निरोप येतो: वर्षाच्या बजेटात २० टक्के कपात. म्हणजे १२ लाख. सगळ्यांना वाटतं, थोडं इकडून थोडं तिकडून काढू. मग हिशेब मांडायला लावतात. सहा महिन्यांत पगाराचे १६ आणि इतर १५ लाख गेले, म्हणजे ३१ संपले. उरलेल्या २९ पैकी १६ पुढच्या पगाराचे, त्यांना हात लावता येत नाही. हाताशी राहिले १३. त्यातून १२ गेले की अर्ध्या वर्षासाठी उरतो एक लाख. कागदावरचे वीस टक्के ऑक्टोबरमध्ये हातातल्या पैशाचे नव्वद टक्क्यांहून जास्त होतात. हे ज्याला आधी दिसतं तो एप्रिलमध्येच प्रदर्शनवाल्याकडे भरायची आगाऊ रक्कम दोन टप्प्यांत वाटून घेतो आणि कपात आली तर काय आधी जाईल याची यादी स्वतःच अकाउंट्सकडे देऊन ठेवतो. कपात येण्याआधी यादी देणारा हेड कपातीच्या बैठकीत बोलावला जातो. बाकीच्यांना ईमेल येते. प्रॉडक्ट मार्केटिंगच्या बहुतेक कोर्समध्ये हे गणित येतच नाही, आणि खुर्चीवर बसल्यावर पहिल्या वर्षी नेमकं हेच अंगावर येतं.

दहाव्या शनिवारी हेडने वर दाखवायचे आकडे निवडतात. लाइक आणि पोहोच यांना इथे थारा नाही, हे बरं. नवीन उत्पादनाचा एकूण विक्रीतला वाटा, मागितलेल्या कोटेशनपैकी मिळालेल्या ऑर्डरी, आणि विक्रीने दिलेली सरासरी सवलत, हे तीन. सवलतीच्या आकड्याकडे फार कमी जण बघतात. मांडणी पक्की बसली की विक्रीच्या माणसाला सवलतीवर ऑर्डर ओढावी लागत नाही, त्यामुळे मांडणी लागू पडली का याचा सर्वांत सरळ पुरावा तोच. अट एवढीच की मोठ्या टेंडरांची सवलत वेगळी मोजायची, नाहीतर एका टेंडरने सगळी सरासरी बिघडते.

आता वाया जाणारे दोन शनिवार. सातवा यशकथांचा. त्यात सुला या नाशिकच्या वाइन कंपनीची गोष्ट असते, आणि नाशिकमध्ये ती असायलाच हवी. पण ती फक्त जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. ज्या देशात टीव्हीवर दारूची जाहिरात चालत नाही आणि जेवणाबरोबर वाइन घेण्याची सवय नाही, तिथे लोकांना बागेत आणून, पेला हातात देऊन चव शिकवणं हीच बाजारात उतरण्याची योजना होते. हा एवढा मोठा धडा समोर असताना त्याला दहा मिनिटंही मिळत नाहीत. अकरावा शनिवार ‘नेतृत्वगुणां’चा. संयम, सकारात्मकता, देहबोली. माणसं कशी निवडायची, पहिला माणूस लिहिणारा घ्यायचा की विक्रीतून आलेला, कालचा सहकारी आज आपल्याला रिपोर्ट करू लागला तर पहिल्या बैठकीत काय बोलायचं, चांगलं काम करणाऱ्याला बढती देता येत नसेल तर काय द्यायचं, यातलं काहीच नाही. हेड म्हणून बसणाऱ्याचे निम्मे दिवस याच प्रश्नांत जातात. संस्थेने हा शनिवार मुळापासून बदलावा. वीस वर्षं टीम सांभाळलेली माणसं अंबड-सातपूरमध्ये कमी नाहीत. त्यांतल्या दोघांना बोलावून बसवलं तरी पुष्कळ.

शेवटच्या शनिवारी मुलाखतीचा सराव असतो, आणि तो चांगला आहे. हेडच्या जागेसाठी कंपन्या बहुधा घरी करायचं काम देतात: आमच्या उत्पादनाची मांडणी आणि पहिल्या ९० दिवसांची योजना. लोक चाळीस स्लाइडचा डेक नेतात. वर्गात आठवर थांबवतात, आणि त्यांतल्या दोन ‘अजून मला काय माहीत नाही आणि ते कुणाला विचारणार’ यासाठी ठेवायला लावतात. पहिले ३० दिवस ग्राहक आणि विक्रीसोबत फिरण्यात, पुढचे ३० एकच अडलेली गोष्ट सोडवण्यात, शेवटचे ३० वर्षाची योजना मंजूर करून घेण्यात. पहिल्या महिन्यातच सगळी मांडणी बदलू म्हणणारा उमेदवार मुलाखतीत उठून दिसतो, पण विक्रीच्या प्रमुखाचं मत तिथेच फिरतं. नोकरी मिळवून देण्याची हमी संस्था देत नाही, आणि ते प्रामाणिक आहे. हेडच्या बहुतेक जागा पुण्या-मुंबईतच निघतात, त्यामुळे आठवड्यातले काही दिवस प्रवासाची तयारी हवी, हेही पहिल्याच दिवशी सांगतात.

साहित्य म्हणून छापील वही आणि एक्सेलच्या सहा फाइली मिळतात. बजेटची फाइल उत्तम आहे. मांडणीचा नमुना फक्त इंग्रजीत आहे. डीलर मेळाव्यात मराठीत बोलायचं असताना मांडणी आधी इंग्रजीत घडवली की वाक्यं अवघडतात, म्हणून हा नमुना मराठीत स्वतः करून घ्यावा. चुकलेल्या शनिवारचं रेकॉर्डिंग मिळतं, पण टिपणाची फेरी रेकॉर्ड होत नाही, आणि खरी शिकवण तर तीच.

कामाला दोन वर्षंही झालेली नाहीत त्यांनी ही फी भरू नये. स्वतःच्या हातून एकही लॉन्च झालेलं नसेल तर नववा शनिवार डोक्यावरून जातो. कंपनी फी भरणार असेल तर बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवर घ्यावं, नंतर ते बदलून मिळायला त्रास होतो. आणि जानेवारीची बॅच टाळावी. तिचे शेवटचे तीन शनिवार मार्चमध्ये येतात, मार्च एंडिंगमुळे विक्रीतली माणसं गैरहजर राहतात, आणि टिपण फाडायला समोर विक्रीचा प्रमुखच नसतो. जूनच्या बॅचला ही अडचण येत नाही.